प्लास्टिकचे खेळण्यातले फिल्म कॅमेरे : हे नक्की कोणाला आणि का आवडतं? (ठाणे-नवी मुंबईकर, या इकडे)

ढगाळ_वातावरण

मंडळी, इथे लेन्स आणि सेन्सरवरून पुष्कळ हाणामाऱ्या झाल्यात म्हणून मुद्दाम उलट्या टोकाचा विषय काढतोय. प्लास्टिकचे फिल्म कॅमेरे. होल्गा, डायना, कोडॅकचं ते हाफ फ्रेमवालं (एका फोटोच्या जागेत दोन बसवणारं) एच३५, आणि एकदा वापरून परत द्यायचे ते डिस्पोजेबल. म्हणजे ज्यांची लेन्सच प्लास्टिकची, फोकस एकतर नाहीच नाहीतर नावापुरता, शटरचा स्पीड एकच, आणि हातात घेतला की वजनावरून वाटतं आत काहीच नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. डायना साठच्या दशकातला, हाँगकाँगच्या ग्रेट वॉल नावाच्या प्लास्टिक फॅक्टरीतला. ग्रोसच्या (बारा डझनच्या) हिशोबाने विकायचे आणि तिकडे अमेरिकेत जत्रेत बक्षीस म्हणून, कशावर तरी फुकट म्हणून वाटले जायचे. होल्गा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, तोही हाँगकाँगचाच, टी. एम. ली यांनी काढला. त्यांच्या डोळ्यासमोर चीनमधली साधी कुटुंबं होती कारण तिथे तेव्हा १२० ची रुंद फिल्म सहज मिळायची. पण लगेच तिथे ३५ एमएम पसरली आणि होल्गाचं गिऱ्हाईकच गेलं, आणि मग तो उचलला पश्चिमेकडच्या आर्ट कॉलेजच्या पोरांनी. २०१५ ला बंद पडला, २०१७ ला परत बनायला लागला.

आता मुद्दा. याबद्दल कुठेही वाचा, एकच सूर असतो की दोषच सुंदर, कडा धूसर, कोपरे काळे, उजेड गळून आलेला लाल पट्टा, अहाहा वगैरे. मला ते सुरुवातीला भारी वाटायचं, आता फारसं नाही. काळे कोपरे बघून बघून कंटाळा येतो हो. मला जे धरून ठेवतं ते वेगळंय. या कॅमेऱ्यात ठरवायला काही उरतच नाही. कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं, संपलं. माझ्याकडे चांगला डिजिटल आहे पण तो घेऊन जांभळी नाक्यावर सकाळी फुलवाल्यांच्यात गेलो की अर्धं डोकं कॅमेऱ्यात असतं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) किती, फोकस कुठे बसला, मागे बघ बरं कसा आलाय, आणि तेवढ्यात समोरच्या मावशींनी शेवंतीचा ढीग उलटा केलेला असतो नि ते गेलं. होल्गा नेला की डोकं पूर्ण समोर असतं.

आणि दुसरं म्हणजे समोरची माणसं. मोठा कॅमेरा दिसला की लोक एकतर ताठ होतात नाहीतर विचारतात कुठल्या चॅनलचे. हा बघून हसतात. "हे चालतं का खरंच?" हा प्रश्न ज्याने विचारला त्याचा फोटो चांगला येणार हे ठरलेलं.

तर तुम्ही वापरता का, का वापरता, की सगळं फॅड वाटतं? बिनधास्त लिहा.

सेक्टर_सतरा

फॅड. बिनधास्त लिहा म्हणालात म्हणून लिहिलं 😀

अहो फोनमध्ये पन्नास अ‍ॅप आहेत जे काळे कोपरे, लाल पट्टा, दाणे सगळं फुकटात देतात. आणि "डोकं समोर राहतं" म्हणालात तर फोन ऑटोवर ठेवा आणि दाबा, तिथे तरी काय ठरवायचं असतं? फोनला तर लोक ताठही होत नाहीत. वाशीच्या मिनी सीशोअरला संध्याकाळी जाऊन बघा, सगळे एकमेकांचे काढतात, कोणी वळूनही बघत नाही.

खारीबटर

वाचतेय. माझ्याकडे भाच्याने दिलेला एच३५ पडून आहे, रोल टाकायची हिंमत नाही होत, रोलचे भाव बघितलेत का!

ढगाळ_वातावरण

@सेक्टर_सतरा, फोनचा मुद्दा बरोबर आहे अर्धा. फोन काढायला सोपा आहे पण तो काढून झाल्यावर काय होतं ते बघा ना. फोटो काढला की मान खाली, बघितला, झूम केला, डिलीट, परत काढा, मग समोरचा म्हणतो मला दाखव, मग तो म्हणतो माझं पोट दिसतंय परत काढ. तो क्षण जो होता तो मेला केव्हाच. फिल्ममध्ये दाखवायलाच काही नाही त्यामुळे काढला की दोघंही परत आपापल्या कामाला लागतात.

आणि अ‍ॅपचं म्हणाल तर २००९-१० ला जी फोटोची अ‍ॅप आली, हिप्स्टामॅटिक, मग इन्स्टाग्राम, ती सुरुवातीला चौकोनी फोटो आणि उडालेले रंग घेऊनच आली ना. हा सगळा अवतार कुठून आला? याच जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांवरून. फरक एवढाच की अ‍ॅप प्रत्येक फोटोला तोच लाल पट्टा लावतं, आणि इथे उजेड कुठून शिरेल ते त्या दिवशी तुम्ही उन्हात कसे उभे होतात त्यावर.

जुना_निगेटिव्ह

ढगाळसाहेब, धागा छान काढलात. पण थोडी दुसरी बाजू सांगतो. माझा नौपाड्यात बरीच वर्षं स्टुडिओ होता, आता मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे.

तुम्ही ज्याला खेळण्यातला कॅमेरा म्हणता ना, आमच्याकडे लोकांचा तोच एकमेव कॅमेरा असायचा. अ‍ॅग्फा क्लिक थ्री आठवतो का कोणाला? आपल्याकडे बडोद्याला बनायचा. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, मागे लाल काचेची बारीक खिडकी त्यात आकडा बघून फिल्म फिरवायची. तुमच्या होल्गाला अजून तशीच खिडकी आहे बघा. काही लोक ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल टाकायचे, सरकारी कंपनी होती. मग ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला, ११० ची इवलीशी फिल्म, त्याची टीव्हीवरची "खटॅक" वाली जाहिरात माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. मग नव्वदीत कोडॅकचा केबी १०. तो तर घराघरात. लग्नात मामा, काका, आत्याचे यजमान सगळ्यांच्या गळ्यात.

आणि हे सगळे साधे, फिक्स फोकसचे डबेच. कोणी त्यात सौंदर्य वगैरे बघत नव्हतं. तेवढंच परवडायचं. माझं अर्धं आयुष्य त्या फोटोंमधले दोष लपवण्यात गेलं. अंधारात काढलेले, डोकं कापलेले, बोट आलेले, कॉपी जरा उजळ काढा हो, बारशाचा फोटो आहे, परत कसा काढणार. त्यामुळे आज पोरं मुद्दाम तसे फोटो काढून खूश होतात तेव्हा मला हसू येतं आणि थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू.

एक मात्र आहे. माझ्याकडे धुवायला आलेल्या हजारो रोलमध्ये जे फोटो अजून डोळ्यापुढे आहेत ते आमच्या स्टुडिओत लाइट लावून काढलेले नाहीत. ते या डब्या कॅमेऱ्यांतलेच आहेत. तलावपाळीवर नव्या नवरीला बोटीत बसवून काढलेला, तिचा पदर उडालाय आणि ती चिडलीये असा. आम्ही काढला असता तर पदर नीट करायला लावला असता.

खारीबटर

काका 🙏 रोल ३६ चा असायचा तरी ३७ वा ३८ वा निघतोय का ते बघत गच्चीवर उगाच कोणाचे तरी फोटो काढायचे ते आठवलं. आणि धुवायला टाकला की तो पातळ प्लास्टिकचा छोटा अल्बम फुकट.

सानपाडा_स्लो

काकांना +१००. "तेवढंच परवडायचं" हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

कारण आज गंमत उलटी झालीये. कॅमेरा खेळण्यातला आणि खर्च राजेशाही. साधा ३५ चा कलर रोल हजाराच्या आगेमागे, मग धुलाई नि स्कॅन वेगळं, कुरियर वेगळं. होल्गात १२० टाकला की १२ फोटो. माझ्या ऑफिसातल्या एकाने लग्नात प्रत्येक टेबलावर डिस्पोजेबल ठेवले होते, पाहुण्यांनी काढायचे, कल्पना छान, आणि बिल आलं तेव्हा म्हणाला एवढ्यात एक फोटोग्राफर अजून आला असता.

तरीही हाफ फ्रेमबद्दल मी चांगलं बोलणार. एच३५ सारख्यात एका ३५ च्या फ्रेममध्ये दोन उभे फोटो बसतात म्हणजे ३६ चे ७२. ही काही आजची आयडिया नाही, ऑलिंपसने १९५९ मध्ये पेन नावाचा कॅमेरा याच हिशोबाने काढला होता, फिल्म महाग म्हणून. बचत हाच मूळ हेतू. आणि गंमत म्हणजे स्कॅन जोडीने मागवला तर दोन फोटो शेजारी शेजारी येतात आणि काहीतरी संबंध लागतो त्यांचा. माझा एक आहे, डावीकडे एपीएमसीत कांद्याच्या गोणीवर झोपलेला माथाडी आणि उजवीकडे घरी सोफ्यावर झोपलेले आमचे वडील. ठरवून काढलेला नाही, फक्त पाठोपाठ आले.

रेझिस्टर

थोडं टेक्निकल लिहितो, कारण वर "दोष" हा शब्द बराच आलाय.

कडा धूसर का येतात: चांगल्या लेन्समध्ये काचेचे अनेक तुकडे असतात, एकाची चूक दुसरा निस्तरतो. होल्गामध्ये एकच वाकडा प्लास्टिकचा तुकडा. अशा एकाच तुकड्याने तयार झालेली प्रतिमा सपाट नसतेच, वाटीसारखी वळलेली असते, पण फिल्म सपाट. मग मध्ये जुळतं आणि कडेला सुटतं. जुन्या काही बॉक्स कॅमेऱ्यांत आणि आजच्या डिस्पोजेबलमध्ये त्यावर साधा उपाय केलेला असतो, फिल्मच वाकवून धरतात. म्हणून डिस्पोजेबलचे फोटो कडेला होल्गापेक्षा बरे येतात.

फोकस नसून चालतं कसं: भोक बारीक ठेवलेलं असतं, एफ८ ते एफ११ च्या आसपास (आकडा मोठा तितकं भोक बारीक), त्यामुळे साधारण एक-दीड मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं. म्हणून या कॅमेऱ्याने कोणाच्या नाकाजवळ जाऊ नका.

आणि डबल एक्स्पोजर: होल्गात शटर आणि फिल्म फिरवायची चकती यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फिरवायला विसरलात तर एकावर एक फोटो. कितीदा दाबायचं ते तुमच्यावर.

एक गंभीर सूचना, हसण्यावारी नेऊ नका. फ्लॅशवाले डिस्पोजेबल घरी उघडून परत रोल भरायचे व्हिडिओ फिरतायत. त्यातल्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेल काढला तरी तो राहतो. चांगला सणसणीत बसतो. लहान मुलांच्या हातात उघडा कॅमेरा अजिबात देऊ नका.

पाणथळ_पक्षी

नेरूळहून लिहितेय. तुमच्या धाग्यावर मजेशीर गोष्ट सांगते.

आमच्याकडे डीपीएसच्या मागच्या तलावावर हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की सकाळी सहापासून जत्रा असते. ठाणे खाडी अभयारण्य झाल्यापासून, आणि मग २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आल्यावर तर जास्तच. एकेकाच्या हातात ६०० एमएमची लेन्स, ट्रायपॉड, कॅमोफ्लाज जॅकेट (सिमेंटच्या रस्त्यावर कॅमोफ्लाज कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही). मीही त्यांच्यातलीच, पक्षीवाली.

तर एकदा तिथे एक कॉलेजची मुलगी आली निळा-काळा डायना घेऊन. त्या लेन्सने फ्लेमिंगो म्हणजे फोटोत गुलाबी ठिपकासुद्धा दिसणार नाही. सगळे गालात हसले. ती पक्ष्यांकडे वळलीच नाही. तिने आमचे फोटो काढले. पाठमोरी रांग, सगळ्यांच्या तोफा एका दिशेला, मागे पाम बीचचे टॉवर. नंतर तिने तो फोटो मला पाठवला, मऊ मऊ सगळं, कोणाचा चेहरा धड नाही पण प्रत्येक माणूस उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतोय. आमच्या ग्रुपवर दरवर्षी फ्लेमिंगोचे शेकडो धारदार फोटो पडतात, सगळे एकसारखे. हा एकच वेगळा आहे.

म्हणून मला वाटतं की तुम्ही वर म्हणालात ते "ठरवायला काही उरत नाही" एवढंच नाहीये. काय काढता येणार नाही हे आधीच कळतं. लांबचं नाही, अंधारातलं नाही, पळणारं नाही. मग उरतं ते बघायला लागतो माणूस.

सेक्टर_सतरा

@पाणथळ_पक्षी ताई, हे पहिलं कारण जे मला पटलं. पण मग प्राइम लेन्स (झूम न होणारी) लावा ना एक, झूम काढून टाका, बंधन तेच. फिल्म कशाला?

ढगाळ_वातावरण

@सेक्टर_सतरा बंधन स्वतः घालून घेतलं की स्वतः काढताही येतं हो. बॅगेत झूम आहे हे माहीत असतं.

ताई, "उरतं ते बघायला लागतो" हे मस्त. माझ्या मूळ पोस्टपेक्षा नेमकं आहे.

@जुना_निगेटिव्ह काका, तुमचा राग मला समजतो. पण बघा, अगदी पट्टीचे लोकसुद्धा हे वापरतात. डेव्हिड बर्नेट म्हणून अमेरिकन न्यूज फोटोग्राफर आहेत, व्हिएतनामपासून काम केलेले, त्यांनी २००० सालच्या निवडणूक प्रचारात अल गोर यांचा फोटो होल्गावर काढला आणि त्याला पुढच्या वर्षी व्हाइट हाउस कव्हर करणाऱ्या फोटोग्राफरांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं. शेजारी सगळे महागडे कॅमेरे घेऊन उभे असणार. म्हणजे कडेचा धूरकटपणा तिथे कामाला आला, गर्दी विरघळली आणि माणूस उरला.

जुना_निगेटिव्ह

असेल, नाही म्हणत नाही. पण त्या माणसाला चाळीस वर्षं उजेड कळत असणार. कॅमेऱ्यात ठरवायला काही नाही म्हणता ना तुम्ही, अहो ठरवायचं ते सगळं कॅमेऱ्याबाहेर आलं एवढंच. ऊन पाठीमागून घ्यायचं की बाजूने, माणूस सावलीत घ्यायचा का, किती वाजता जायचं. या डब्याचं शटर साधारण १/१०० आणि भोक ठरलेलं. म्हणजे तुम्हाला फक्त फिल्म कुठली आणि वेळ कुठली एवढं हातात. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या खराब रोलचं कारण कॅमेरा नव्हतंच, घरात ट्यूबलाइटखाली फ्लॅशशिवाय काढलेले असायचे.

कलर निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, दोन-तीन स्टॉप (म्हणजे चौपट-आठपट उजेड) आरामात पचवते. कमी उजेड अजिबात पचवत नाही, काळपट चिखल होतो. तेव्हा ठाण्यात पावसाळ्यात ४०० चीच (कमी उजेडातही चालणारी) फिल्म टाका, १०० ची नको. भरून आलेल्या दुपारीसुद्धा ४०० वर येतं. येऊरच्या झाडीत मात्र आत शिरलात तर विसरा.

घोडबंदर_ट्रॅफिक

उशिरा आलो धाग्यावर. माझं मत जरा वेगळंय. मला फोटोपेक्षा ती वाट बघायची मजा आवडते. रोल संपायला महिना, मग धुवायला टाकायचा, मग आठवडाभर स्कॅनच्या लिंकची वाट बघायची, लिंक आली की अर्धे फोटो कधी काढले तेच आठवत नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिंक उघडली आणि त्यात आज्जी होती खिडकीत बसलेली, आणि ती दरम्यान गावी गेली होती, लगेच फोन लावला.

पण लॅबवाल्यांबद्दल सावध राहा. एका ठिकाणी माझ्या निगेटिव्ह परतच मिळाल्या नाहीत, म्हणे स्कॅन दिलाय ना, निगेटिव्ह कोणी नेत नाही हल्ली. नाव नाही घेत. पण देतानाच पावतीवर लिहून घ्या की निगेटिव्ह हव्यात, आणि न कापता द्या किंवा सहा-सहाच्या पट्टीत द्या हेही सांगा, हाफ फ्रेम असेल तर नक्कीच, नाहीतर फोटोच्या मधोमध कात्री लागते.

खारीबटर

ठाण्यात आता कोणी धुतं का कलर? की सगळं मुंबईलाच पाठवायचं?

जुना_निगेटिव्ह

बहुतेक दुकानं घेतात आणि पुढे पाठवतात. स्वतःचं मशीन चालू ठेवणं परवडत नाही हो. त्या मिनीलॅबच्या केमिकलला रोज रोल लागतात. रोल गेले नाहीत तर केमिकल टाकीत बसल्याबसल्या खराब होतं, आणि बदलायचं म्हणजे पूर्ण भरा. दिवसाला शंभर रोल यायचे तेव्हा ठीक होतं, चार रोलसाठी नाही जमत. आम्ही मशीन काढलं ते याच कारणाने. सरळ फोर्टात बोरा बाजारला जाऊन विचारलंत तर फिल्म पण मिळेल आणि धुणारा पण कळेल. घेताना रोलवरची तारीख बघा आणि दुकानात कुठे ठेवला होता ते विचारा, काचेच्या शोकेसमध्ये उन्हात असेल तर नका घेऊ. घरी फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढा, डबी लगेच उघडू नका, दव धरतं.

सानपाडा_स्लो

कोणी पहिल्यांदा घेणार असेल तर, उगाच सगळे होल्गाच्या मागे लागतात, १२० चा खर्च बघून घ्या. एच३५ किंवा कुठलाही साधा ३५ चा रोल परत भरता येणारा कॅमेरा बरा. नाहीतर सरळ घरातलं कपाट बघा! निम्म्या घरांत केबी १० अजून पडलेला असेल माळ्यावर. मागचं झाकण उघडून स्प्रिंग नि फिरवायचं चाक चालतंय का बघायचं, सेल गळलेला असेल तर फ्लॅश गेला समजा पण दिवसा फोटो निघतात. फुकट. हॉट शॉट सापडला तर मात्र ११० ची फिल्म शोधावी लागेल, ती कमी मिळते आणि महाग.

आणि होल्गा घेतलात तर काळी चिकटपट्टी सोबत घ्या. मागच्या झाकणाच्या दोन्ही बाजूच्या क्लिपा चालता चालता निसटतात आणि झाकण उघडून अख्खा रोल उजेडात. तो व्ह्यूफाइंडरही लेन्समधून बघत नाही त्यामुळे लेन्सवर झाकण असलं तरी आतून सगळं छान दिसतं, त्यात कितीजणांचे रोल गेलेत ते विचारू नका.

सेक्टर_सतरा

म्हणजे झाकण निसटणारा, लेन्स झाकलेली असली तरी न सांगणारा कॅमेरा हजाराच्या रोलसाठी घ्यायचा. तुम्हीच माझी बाजू मांडताय 😂

माझं मत बदललेलं नाही, पण माळ्यावर केबी १० आहे आमच्या. बघतो स्प्रिंग चालतेय का, बाकी काही नाही.

पाणथळ_पक्षी

सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चालायला जायचं का सगळ्यांनी एकदा, ज्यांच्याकडे जे असेल ते घेऊन? आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची ती घरं, मधली अंगणं, उतरती कौलं, अंतरं जवळची जवळची आणि सावली-ऊन भरपूर, या कॅमेऱ्यांना अगदी जमेल अशी जागा. लोक राहतात तिथे, तेव्हा विचारून काढू. रविवारी सकाळी आठ ते दहा, नंतर ऊन डोक्यावर येतं.

घोडबंदर_ट्रॅफिक

मी येतो. घोडबंदरवरून निघायचं म्हणजे पहाटे पाचला उठावं लागणार पण येतो.

खारीबटर

मीपण! रोल मागवते आज. २०० चा घेऊ की ४०० चा?

जुना_निगेटिव्ह

एच३५ ला ४०० घ्या. त्याचं भोक एफ९.५ आहे, अंगणात सावली असणार. उन्हात जास्त उजेड झाला तरी फिल्म सांभाळून घेईल.

रेझिस्टर

काका, एक विचारायचं होतं. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवायचा विचार आहे, बाथरूममध्ये. फिल्म धुवायची छोटी टाकी, चेंजिंग बॅग (अंधारात रोल टाकीत भरायची काळी पिशवी), केमिकल जमवलंय. पण सगळ्या चार्टवर २० डिग्री लिहिलंय आणि आमच्या कळव्याला टाकीतलं पाणीच मे महिन्यात ३० च्या वर असतं. काय करायचं?

जुना_निगेटिव्ह

बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डेव्हलपरच्या (फोटो उमटवणाऱ्या केमिकलच्या) भांड्याबाहेर पाणी असतं त्या टबात सोडा, डेव्हलपरमध्ये थेट नको, पातळ होतो. थर्मामीटर घ्या, बोटाने अंदाज नको. २० ला नाही आलं तर २४ वर स्थिर ठेवा आणि चार्टप्रमाणे वेळ कमी करा. पाच मिनिटांच्या खाली वेळ जायला लागला तर नका करू, डाग पडतात, त्यापेक्षा केमिकल जास्त पातळ करून वेळ वाढवा. फिक्सर (फोटो पक्का करणारं केमिकल) आणि धुण्याचं पाणीसुद्धा साधारण त्याच तापमानाला ठेवा, गार टाकीतून एकदम गरम नळाखाली धरलंत तर वरचा थर सुरकुततो.

उलट कलरचं केमिकल ३७.८ डिग्रीला चालतं, डेव्हलपरला सव्वातीन मिनिटं. लोक कलरला घाबरतात, पण आपल्याकडे मे महिन्यात ते तापमान धरणं सोपं, बादलीत थोडं गरम पाणी टाकलं की झालं. ब्लॅक अँड व्हाइट डिसेंबरसाठी ठेवा.

रेझिस्टर

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आधी कलरचं किट मागवतो. खारीबटर, तुमचा रोल रविवारनंतर माझ्याकडे द्यायची तयारी आहे का? पहिलाच असेल माझा, आधीच सांगतोय.

खारीबटर

अर्धा रोल माझ्या लेकीच्या स्नेहसंमेलनाचा असेल तर नाही 😅 नुसता बेलापूरचा असेल तर घ्या.